बाईंच्या वरची सही

टोलेफसन बाईंनी स्वतःच्या कामाच्या दाखल्यावर स्वतःच सही ठोकली, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

येणार तरी कसं? मोंटानातल्या आमच्या बेंटग्रास गावच्या शाळेत आलेल्या प्रत्येक कागदावर बाईंचीच सही असायची. शाळा एका खोलीची. पहिलीपासून आठवीपर्यंतची पोरं एकाच छपराखाली, एकाच शेगडीभोवती. शिक्षिका बाईच, मुख्याध्यापिका बाईच, झाडू मारणाऱ्याही त्याच, आणि जानेवारीत पाइप गोठले की प्लंबरही त्याच. एकदा ऐन परीक्षेत हॉगेनांची गाय कुंपणाला टेकून अडली. बाईंनी बाह्या सारल्या, वासरू ओढून काढलं, हात धुतले आणि आत येऊन म्हणाल्या, "हं, सातवं गणित." अशा बाईला तुम्ही कागद पाठवलात, त्यावर खाली लिहिलंत 'शाळाप्रमुखाची सही', तर ती दुसरं काय करणार? शिक्षिकेच्या जागी सही केली, प्रमुखाच्या जागी सही केली, दोन्ही एकाच पेनानं, आणि कागद पाठवून दिला.

हे सगळं झालं ते स्थलांतरापायी. गेल्या वसंतात शाळा बंद पडली. पोरंच उरली नव्हती हो. शेवटची दोघं आठवी पास झाली आणि बाईंनी झेंडा उतरवून घडी घातली. मुलगी क्रिस्टन लांबच्या राज्यात दिलेली. त्या राज्याचं नाव मी घेत नाही. तिथली माणसं चांगली आहेत, उगाच कशाला त्यांना वाईट वाटायला. तिच्या गावातल्या शाळेला तिसरीसाठी शिक्षक हवा होता. तिथल्या मुख्याध्यापकांनी बाईंशी कॉम्प्युटरवर समोरासमोर बोलणं केलं आणि अर्ध्या तासात म्हणाले, "या." अट एकच. शाळा उघडायच्या आत त्या राज्याचा शिकवण्याचा परवाना हातात हवा. मोंटानाचा परवाना तिथं तसाच्या तसा चालत नाही, तो बदलून घ्यावा लागतो. नाही मिळाला, तर एक वर्ष मदतनीस म्हणून राहायचं. वर्ग दुसऱ्या कुणा पोरसवदा शिक्षिकेच्या नावावर, आणि बाईंनी मागं बसून पेन्सिलींना टोकं काढायची. अठ्ठावन्नाव्या वर्षी!

"यात रडण्यासारखं काय आहे?" आर्ने म्हणाला. आर्ने म्हणजे बाईंचा नवरा. जन्मभर त्यानं रस्ते सपाट करायचं यंत्र चालवलं, पण बोलण्यातले खड्डे कधी बुजवले नाहीत. "गुरांनासुद्धा राज्य ओलांडताना दाखला लागतो. ढुंगणावर मालकानं दिलेला डाग तपासतात. तुझा डाग तपासताहेत, दुसरं काय."

"माझा डाग अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

"जिल्ह्याला आहे गं. त्यांना नाही ना."

आणि तसंच झालं. परवाना कचेरीतून पॉमरॉय नावाच्या बाईंचा फोन आला. आवाज गोड, पण नियमाला पक्की.

"मिसेस टोलेफसन, दाखल्यावर तुमच्या वरिष्ठांची सही हवी. इथं तुमचीच दिसते आहे."

"मीच होते ना प्रमुख."

"हो, पण आपल्या कामाची ग्वाही आपणच कशी देणार? तुमच्या वर कोण होतं?"

"माझ्या वर?" बाईंनी क्षणभर विचार केला. "छप्पर. आणि त्याच्या वर देव."

पॉमरॉय बाई हसल्या असाव्यात, पण हसू आवरून म्हणाल्या, "देवाची सही आम्हाला चालत नाही, मॅडम. तिच्यावर नोटरीचा शिक्का नसतो."

फोन ठेवला तेव्हा बाईंचे कान लाल झाले होते. राग पॉमरॉयचा नव्हता. तिचं बोलणं वाजवी होतं, आणि हीच तर पंचाईत होती. बाई स्वतः वर्गात कुणाला स्वतःचा पेपर स्वतः तपासू देत नसत.

मग धावाधाव सुरू झाली. जिल्ह्याच्या शिक्षण अधिकारी नव्या, गेल्याच निवडणुकीत आलेल्या. त्या म्हणाल्या, "कधीपासून कधीपर्यंत शिकवलंत ते आत्ता लिहून देते. पण काम कसं होतं ते मी पाहिलेलं नाही. खोटं कसं लिहू?" त्यांच्या आधीचे होते ते दोन वर्षांपूर्वीच वारले. आणि खरं सांगायचं तर त्यांनीही कधी शाळेत पाऊल टाकलं नव्हतं. रस्ता वाईट, आणि बाई चांगल्या, मग कशाला जायचं, असा त्यांचा हिशेब.

"मंडळ आहे की," आर्ने म्हणाला. जेवताना म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर ताटातल्या बटाट्याकडे बघत राहिला.

मंडळ होतं हे बाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आमच्याकडे शाळा बंद पडली तरी तिचं मंडळ लगेच मरत नाही. कायद्यानं ते काही वर्षं जिवंत राहतं, न जाणो पुन्हा पोरं जन्माला आली तर! तीन माणसं निवडून आलेली. म्हातारी इडा क्लेमेन्सन, धान्याच्या कोठारावरचा वेंडेल, आणि अध्यक्ष लायल हॉगेन.

खरं घोडं लायलपाशी अडलं होतं.

लायल बाईंचाच विद्यार्थी. बाईंनी त्याला चौथीत नापास केला होता. आता मोठ्या शाळेत पोरगं नापास झालं की नवा वर्ग, नव्या बाई, नवी पोरं, चार दिवसांत सगळे विसरतात. एका खोलीच्या शाळेत नापास होणं म्हणजे काय ते तिथं शिकलेल्यालाच कळेल. खोली तीच, बाई त्याच, शेगडी तीच. फक्त तुम्ही आपल्या ओळीत बसून राहता आणि बाकीचे उठून खिडकीकडच्या ओळीत जातात. लायलच्या ओळीत त्या वर्षी येऊन बसली ती त्याची धाकटी बहीण मार्ला. पुढच्या वर्षी ती त्याच्याही पुढं गेली, कारण तिला बाईंनी एक इयत्ता वर चढवली. कानामागून आली आणि तिखट झाली. लायल कधी काही बोलला नाही. पण मोठा झाल्यावर बाई समोर दिसल्या की टोपीला हात लावायचा आणि ट्रकमध्ये चढायचा. आणि शाळा बंद करायची की नाही यावर मत पडलं, तेव्हा एक मत या बाजूला आणि एक त्या बाजूला पडलं होतं. तिसरं लायलचं. त्यानं बंद करायच्या बाजूनं हात वर केला.

"मी त्याच्या दारात जाणार नाही," बाई म्हणाल्या.

"नको जाऊस. पेन्सिलींना टोकं काढ."

"अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं झालंय."

"गाढव म्हणू नकोस त्याला. त्याला लाथ कशी मारायची ते तूच शिकवलंस," आर्ने म्हणाला, आणि बाईंनी त्याच्या ताटातला उरलेला बटाटा उचलून कुत्र्याला घातला.

दुसऱ्या दिवशी बाई गेल्या. कुणाला वाटेल नाक मुठीत धरून गेल्या, तर तसं नाही. शाळेत घालायचा तो निळा शर्ट घातला, केस बांधले आणि ताठ मानेनं गेल्या.

गवत कापणी ऐन भरात होती. लायल गवताचे गठ्ठे बांधायच्या यंत्राखाली आडवा पडला होता, बाहेर नुसते बूट.

"लायल, बाहेर ये."

बूट जागच्या जागी थांबले. मग अख्खा लायल बाहेर आला, तेलानं माखलेला, केसांत गवत. अडतिसाचा बाप्या, पण एका हातानं चटकन शर्ट खोचायला लागला.

बाईंनी आडवळण घेतलं नाही. काय हवं, का हवं, कधीपर्यंत हवं, तीन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाल्या, "तुझं मन नसेल तर तसं सांग. मी वाईट वाटून घेणार नाही."

"वाटून घ्याल," लायल म्हणाला.

"घेईन. पण तुला कळू देणार नाही."

लायलनं पाना पुसला, दुसऱ्या बाजूनं परत पुसला. "सही देईन. पण अशी नाही देणार. सभा बोलवीन."

"एका सहीसाठी सभा?"

"एकट्या माझ्या सहीला काय किंमत, बाई? तीन माणसं एकत्र बसून, सगळ्यांसमोर, नियमानं ठरवतील तेव्हा ते मंडळ. नाहीतर नुसते तीन शेजारी." तो थांबला. "हे तुम्हीच शिकवलंय. पाचवीत. आम्ही वर्गात निवडणूक घेतली होती आणि मी सूचना न लावता मत घेतलं, तर तुम्ही सगळं रद्द केलंत."

बाईंना ते आठवलं. रद्द केलं होतं खरं.

"आणि शाळा बंद करायला हात वर केलास, तेही मीच शिकवलं असेल," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"वजाबाकी तुम्हीच शिकवलीत, बाई. दोन पोरं होती. दोनांतून दोन गेली," लायल म्हणाला आणि पुन्हा यंत्राखाली शिरला.

सूचना लागली. कायद्यानं ती तीन ठिकाणी लावावी लागते, म्हणून पोस्टात लागली, दुकानात लागली आणि शाळेच्या दारावर लागली. 'विषय: श्रीमती टोलेफसन यांच्या कामाचं मूल्यमापन. जनतेस येण्यास मुभा.' बाई दुकानात दूध आणायला गेल्या तर नेमक्या त्या कागदासमोर चार माणसं उभी. बाईंना बघून सगळी एकदम चहापत्तीच्या डब्यांकडे बघायला लागली. घरी येऊन बाईंनी दुधाची बाटली अशी आदळली की आर्ने गॅरेजमधून आत आला.

"जन्मात कुणापुढं हात पसरला नाही," बाई म्हणाल्या, "आणि आता माझा बाजार मांडलाय. येतील सगळे, बघतील, बाई कशी पास होते ते."

"मग काय करू? फोन करून रद्द करायला सांगू?"

"मुळीच नाही!" बाई ओरडल्या.

सभेच्या दिवशी संध्याकाळी ऊन अजून डोक्यावर असल्यासारखं होतं, आमच्याकडे उन्हाळ्यात ते लवकर जातच नाही. शाळेच्या अंगणात ट्रक लागलेले बघून बाईंनी केसांची गाठ पुन्हा घट्ट केली. आत सगळी बाकं भरलेली. बाकं लहान पोरांची, त्यांत ही धिप्पाड माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. मागच्या टेबलावर कुणीतरी चिलीचा, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्शाचा, हंडा आणि दालचिनीच्या रोलचे दोन ट्रे आणून ठेवलेले. शाळेत शुक्रवारचं जेवण तेच असायचं. आर्नेनं दारातच हुंगलं आणि म्हणाला, "हे तर लग्नच निघालं."

झेंड्याला सलाम झाला. मार्ला मंडळाची चिटणीस, ती लिहायला बसली. अध्यक्षाची हातोडी कुठं हरवली होती कुणास ठाऊक, लायलनं खिशातला पाना काढून टेबलावर आपटला.

"सुरू करण्याआधी एक," तो म्हणाला. "कुणाच्या कामाची चर्चा असेल तर त्या माणसाला दार बंद करून घेता येतं. कायदा तसा आहे. बाई, तुम्ही सांगा. उघडं की बंद?"

सगळ्या माना वळल्या. बाई भिंतीशी उभ्या होत्या. 'बंद' म्हटलं असतं तर कुणी वाकडं बोललं नसतं. उठले असते, टोप्या घातल्या असत्या, बाहेर जाऊन ट्रकांना टेकून उभे राहिले असते. बाईंनी एकेकाकडे बघितलं. प्रत्येकाचं अक्षर त्यांना पाठ होतं.

"दर महिन्याला मी तुमचे मार्क या दारावर लावत होते," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना दिसतील असे. आता माझी पाळी आली तर दार लावून घेऊ? उघडं ठेव. विटेनं अडकवून ठेव."

वेंडेल खरंच उठला आणि दाराला वीट लावून आला.

मग लायलनं कचेरीचा कागद हातात घेतला. कागद चिटणिसानं वाचायचा असतो, मार्लानं हातही पुढं केला होता. लायलनं तो दिला नाही. ओळीखाली बोट धरलं आणि स्वतः वाचायला लागला. हळू वाचत होता. 'पर्यवेक्षक' या शब्दाशी अडखळला, मागं आला, पुन्हा धरला आणि पार केला. आवाज मोठा, स्वच्छ. बाईंची नजर त्या बोटावर खिळली होती. ते बोट ओळीखाली धरायला त्यांनीच शिकवलं होतं, त्या जास्तीच्या वर्षात, शेगडीजवळ बसवून, रोज.

"पहिला प्रश्न," लायल म्हणाला. "'आपण अर्जदारास शिकवताना स्वतः पाहिलं आहे काय? किती काळ?'"

"मी पोरांना सोडायला यायचे तेव्हा खिडकीतून बघायचे," इडा म्हणाली. "एकदा दीड तास उभी राहिले. गुरुत्वाकर्षण चाललं होतं. स्टोव्हवरचं मटण करपलं."

"लिही," लायल मार्लाला म्हणाला. "मटणाचं सोडून."

"माझी आठ वर्षं," वेंडेल म्हणाला.

"आठ," मागून कुणीतरी म्हणालं. "आठ." "आमची पण आठ."

"माझी नऊ," लायल म्हणाला.

लोक हसले. लायल हसला नाही, तेव्हा हसणं विरलं.

"माझी नऊ आहेत, आणि ती मार्ला लिहिणार आहे. सगळ्यांची आठ, म्हणून बाईंना सगळ्यांत जास्त मी पाहिलंय. शाळा सुटेपर्यंत मला राग होता. खोटं कशाला बोलू, अजून थोडा आहे. पण तेव्हा मला पुढं ढकललं असतं, तर मी पुढं ढकललेलाच राहिलो असतो. हे आत्ता वाचलं ते वाचता आलं नसतं. लिहिलंस? पुढं चल."

मार्लाची मान खाली होती. लिहीत होती, पण पेन बराच वेळ एकाच जागी होतं.

दुसरा प्रश्न काम समाधानकारक होतं का, एवढाच. लायल म्हणाला, "मंडळानं हात वर करावेत." तर अख्ख्या खोलीचे हात वर गेले. त्या छोट्या बाकांतून, छतापर्यंत.

"अहो, फक्त मंडळाचे!" मार्ला ओरडली. "मला तीनच हात मोजायचेत!"

कुणी हात खाली घेतला नाही. आर्नेचाही वर होता, त्याला तर मत देण्याचा काडीचा हक्क नव्हता. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. तीन हात, मार्लानं कसेबसे मोजले.

"तिसरा. 'अर्जदारानं कोणत्या बाबतीत सुधारणा करावी?'"

"काही नाही, लिही," वेंडेल म्हणाला.

"रिकामं चालत नाही. तसं खाली छापलंय."

"मग लिही, अक्षर. बाईंचं फळ्यावरचं अक्षर जेमतेमच होतं." पुन्हा हसणं.

"खरं लिहायचं," लायल म्हणाला. "वर खरं लिहिलंय, तर खालीही खरं लिहू. नाहीतर वरच्याला काय अर्थ राहिला?" त्यानं पाना या हातातून त्या हातात घेतला. बाईंकडे बघून नाही, कागदाकडे बघून बोलला. "बाई शाबासकी देत नाहीत."

"चुकलं की लगेच कळायचं. बरोबर आलं की पुढचं गणित. ज्या दिवशी मी पहिल्यांदा अख्खं पान न अडखळता वाचलं, त्या दिवशी बाईंनी पान उलटलं. बस्स. मी घरी जाऊन आईला सांगितलं, मला वाचता यायला लागलं बहुतेक. बहुतेक म्हटलं मी. कारण कुणी सांगितलंच नव्हतं."

बाईंनी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. पुढचं गणित देणं हीच शाबासकी. कौतुकानं पोरं शेफारतात, थंडीवाऱ्याच्या या मुलुखात शेफारून कसं चालेल. आयुष्यभर हेच मानलं होतं. त्यांनी आधारासाठी मार्लाकडे बघितलं. मार्ला म्हणजे त्यांची सगळ्यांत हुशार पोर, वर चढवलेली.

मार्ला म्हणाली, "मलासुद्धा नाही, बाई." आणि इतकं हळू म्हणाली की त्यात तक्रार अजिबात नव्हती.

बाईंनी तोंड मिटलं. एकदा वाटलं, हे वाक्य त्या लांबच्या कचेरीत जाणार, तिथं कुणी वाचून भुवई उंचावणार, परवाना हातचा जाणार. म्हटलं असतं तर लायलनं खोडलंही असतं. पण मार्क वाढवून मागायला आलेल्या पोराला बाईंनी आजवर दारातून परत पाठवलं होतं.

"लिही," बाई म्हणाल्या. "जसं तो बोलला तसंच. एक शब्द मवाळ करू नकोस."

तिघांनी सह्या केल्या, दुकानातल्या नोटरीनं तिथंच शिक्का मारला, आणि मग सगळे चिलीवर तुटून पडले. बाईंना खायला सुचलं नाही. तरी रोल घेतला, कारण तीन जणींनी तीनदा हातात दिला.

पुढचे दिवस वाईट गेले. आर्ने सामान बांधत होता आणि बाई बांधलेलं सोडून पुन्हा बांधत होत्या. शेवटी फोन आला.

"मिसेस टोलेफसन, एवढ्या वर्षांत मी असा दाखला पाहिला नाही," पॉमरॉय बाई म्हणाल्या. "सोबत गावभराच्या सह्या कशाला जोडल्यात?"

"ती हजेरी आहे. सभेला हजेरी लागते."

"बरं. आणि तो तिसरा मुद्दा. तो वाचून आमच्याकडे जरा चर्चा झाली. तुमचं म्हणणं जोडायचं असेल तर जोडता येईल, तो तुमचा हक्क आहे."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. समोर आर्ने दोरीचं टोक हातात धरून पुतळ्यासारखा उभा होता.

"माझं म्हणणं काही नाही. खरं आहे ते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग पॉमरॉय बाई म्हणाल्या, "आमच्या साहेब म्हणाल्या की ज्या गावानं हे लिहायची हिंमत केली, त्या गावानं वरचं सगळं खरंच लिहिलं असणार. मंजूर केलाय, मॅडम. पूर्ण परवाना. वर्ग तुमचा."

"थँक यू," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. आणि मग अठ्ठावन्न वर्षांच्या त्या ताठ बाईंनी स्वयंपाकघरात दोन्ही हात कमरेवर ठेवून आर्नेला बजावलं, "पूर्ण! ऐकलंस? पूर्ण परवाना!" जणू तोच मध्ये आडवा पडला होता.

"मला कशाला दरडावतेस? माझा हात तर पहिल्यापासून वर होता," आर्ने म्हणाला, पण त्याचे डोळे भरले होते आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

निघायच्या दिवशी ट्रकमागं सामानाची गाडी जोडून दोघं महामार्गाच्या दिशेनं निघाले. हॉगेनांच्या फाटकापाशी बाई म्हणाल्या, "थांब."

"उशीर होईल."

"आर्ने, थांब म्हटलं ना."

लायल शेतात होता, गठ्ठ्यांचं यंत्र ओढत. मार्ला कुंपणाजवळ पाण्याचा कॅन घेऊन उभी होती. बाई कापलेल्या गवतातून सरळ चालत गेल्या, बुटांत काड्या शिरल्या तरी थांबल्या नाहीत. लायलनं त्यांना येताना पाहून इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. पुन्हा शर्ट खोचला.

बाई समोर उभ्या राहिल्या. वाटेत चांगली चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एक आठवेना. तोंडाला सवयच नव्हती हो, काय करणार! लायल वाट बघत उभा राहिला.

"त्या दिवशी सभेत," बाई म्हणाल्या, "तू फार छान वाचलंस, लायल."

लायलनं टोपी काढली. परत घातली. तेलकट हातानं नाक पुसलं, त्यामुळे नाकही काळं झालं.

"काय म्हणालात?"

"इंजिन बंद आहे. ऐकू आलंय तुला."

"आलं," लायल म्हणाला. "पण परत म्हणा ना, बाई."

आणि बाईंनी परत म्हटलं, या वेळी शाळेतल्या आवाजात, कुंपणाशी उभ्या मार्लालाही स्पष्ट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.